वन्यप्राण्यांच्या सुश्रूषेला परवाना हवा : मुख्य वन्यजीव रक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,

जखमी झालेल्या किंवा आईपासून तुटलेल्या वन्यप्राण्याची देखभाल कोणी करायची, या प्रश्नाचं महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांतलं आजचं उत्तर ‘ज्याला फोन लागला तो’ असं आहे. हे उत्तर बदलण्याचा अधिकार आपल्या कार्यालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

मी सातारा जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात खासगी प्रॅक्टिस करणारा पशुवैद्यक आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं, शेळ्यांचं. पण ऊसतोड सुरू झाली की फोन वेगळे येऊ लागतात. ‘डॉक्टर, फडात वाघाची पिल्लं घावलीत, लवकर या.’ जाऊन बघावं तर बऱ्याचदा ती वाघाची काय, बिबट्याचीही नसतात. रानमांजराची असतात, कधी वाघाटीची. वाघाटी म्हणजे मांजरकुळातल्या जगातल्या सर्वांत लहान प्राण्यांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा घरच्या मांजरीहून लहान असते, आणि तरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, वाघ-बिबट्याच्या बरोबरीने तिचं नाव आहे.

आम्ही पोचेपर्यंत पिल्लं खोक्यात आलेली असतात. खाली पाचट, वर कुणाचा तरी टॉवेल, आणि भोवती पंचवीस मोबाइल. मुकादमाने तोड थांबवलेली असते, ऊसतोड मजुरांच्या बायका हळहळत असतात, आणि कोणीतरी कोपीवरून, म्हणजे मजुरांच्या झोपडीतून, तान्ह्या बाळाची बाटली आणून म्हशीचं दूध पाजायला सुरुवात केलेली असते. यातल्या एकाच्याही मनात वाईट नसतं. पिल्लाला बाळासारखं उताणं धरलेलं असतं. दूध नाकातून फेसाळून बाहेर येतं, पिल्लू थोडा वेळ धडपडतं आणि मग गप्प होतं. लोकांना वाटतं, पोट भरलं. खरं तर दूध फुफ्फुसात उतरलेलं असतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ते पिल्लू न्यूमोनियाने जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी लागते, कारण अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही. पाजायचंच झालं तर पालथं, मान सरळ ठेवून, थेंबाथेंबाने पाजायचं. एवढं तिथे कोणाला माहीत असतं तर ते पिल्लू वाचलं असतं.

खरं म्हणजे बहुतेक वेळा काहीच पाजायची गरज नसते. आई जवळच्याच उभ्या उसात असते. पिल्लं जिथे सापडली तिथेच, त्याच बांधाला, दिवस मावळायच्या आत उघड्या टोपलीत ठेवायची आणि माणसं पार लांब न्यायची, एवढंच काम. आपल्या खात्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याच्या पिल्लांबाबत हे काम अनेकदा करून दाखवलं आहे. पशुवैद्यकाने पिल्लू तपासायचं, गोचिड्या काढायच्या, ओळखीसाठी मायक्रोचिप बसवायची, संध्याकाळी ते खोक्यात घालून मूळ जागी ठेवायचं आणि कॅमेरा ट्रॅप लावून सगळ्यांनी निघून यायचं. मादी अंधार पडल्यावर येते, खोक्याभोवती फिरते, वास घेते आणि मानेला धरून एकेक पिल्लू उचलून नेते. कधी पहिल्या रात्री येत नाही, दुसऱ्या रात्री येते. त्या दुसऱ्या रात्रीपर्यंत धीर धरणं, गावकऱ्यांना धरायला लावणं आणि मधल्या दिवसात पिल्लू जिवंत ठेवणं, हे सगळं शिकून येणारं काम आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते, हा समज अजून गावोगाव घट्ट आहे. त्या एका समजापायी धडधाकट पिल्लं पिंजऱ्यात जन्म काढतात.

हे ज्ञान राज्यात आहे, पण मोजक्या ठिकाणी साठलेलं आहे. जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, नागपूरला सेमिनरी हिल्सचं उपचार केंद्र, पुण्यात बावधनचं, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं पथक. तिथल्या लोकांविषयी मला अतोनात आदर आहे. पण जत, माण किंवा आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या गावात पंख चिरलेली घार किंवा विहिरीतून काढलेलं उदमांजर सापडतं, तेव्हा ही केंद्रं कितीतरी तासांच्या वाटेवर असतात. 1926 या हेल्पलाइनवर फोन केला तर तो घेतला जातो, वनरक्षकही येतो. त्यानंतर तो प्राणी घेऊन त्याने जायचं कुठे?

कायदा या बाबतीत कडक आहे आणि तो तसाच असावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 39 प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. असा प्राणी ताब्यात आला तर 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि लेखी परवानगीशिवाय तो जवळ ठेवता येत नाही. प्राणी पकडणं हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. दुसऱ्या टोकाला निवारा केंद्रं आहेत, ज्यांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. त्यासाठी जागा, पिंजरे, कर्मचारी, पशुवैद्यक हे सगळं हवं. या दोन टोकांच्या मध्ये प्रशिक्षण घेतलेला, नाव-पत्ता नोंदलेला, ठरावीक जातींची ठरावीक काळापुरती देखभाल करण्याची मुभा असलेला आणि चुकल्यास जाब देणारा एक माणूस हवा होता. तशी तरतूदच नसल्यामुळे ती जागा रिकामी राहिली आहे आणि ती कशाने तरी भरली जातेच.

सध्या ती सर्पमित्रांनी, कॉलेजच्या पोरांनी, एखाद्या निवृत्त शिक्षकाने आणि माझ्यासारख्या गुरांच्या डॉक्टरांनी भरली आहे. मी यातल्या अनेकांना जवळून ओळखतो. पदरचे पैसे घालून रात्री-बेरात्री जाणारी ही माणसं आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी रेबीजची आगाऊ लस घेतलेली नाही, आणि ते मुंगूस, कोल्हा, वानर उघड्या हातांनी धरतात. मला सर्वांत जास्त धास्ती याची वाटते, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस घ्यायला त्यांना कोणी सांगितलंच नाही, कारण ते कोणत्याच यादीत नाहीत.

आणि माझा दवाखाना ही जागादेखील वाघाटीच्या पिल्लांसाठी योग्य नाही, हे मी पशुवैद्यक म्हणून सांगतो. ज्या टेबलावर सकाळी घरची मांजरं तपासली जातात तिथे पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचे विषाणू असू शकतात. ते नुसत्या पुसण्याने जात नाहीत आणि अनुकूल परिस्थितीत वर्षभरसुद्धा तग धरतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रानटी मांसाहारी प्राण्यांना होतो. म्हणजे उपचाराला आणलेल्या प्राण्याला आपण रोग द्यायचा आणि तो परत सोडून तोच रोग रानात पोचवायचा, अशी भीती प्रत्येक वेळी असते. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळे कपडे, एवढ्याने ती पुष्कळ कमी होते. पण हे कोणी तरी लेखी नियम म्हणून घालून द्यायला हवं आणि येऊन बघायला हवं.

संक्रांतीच्या आसपासच्या घारींचंच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण दर जानेवारीत तो झाडांवर, तारांवर लोंबकळताना दिसतो. मांजात अडकलेल्या घारीचं हाड बहुधा शाबूत असतं, त्यामुळे आणणाऱ्याला जखम किरकोळ वाटते. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा असतो. मांजा नेमका तोच चिरतो, आणि त्याच्या कडेने जाणारी कंडरा (टेंडन) तुटली असेल तर टाके उत्तम पडूनही घारीला नीट उडता येत नाही. टाके घालणं हे माझं काम, ते मी करतो. त्यापुढचे काही आठवडे कोण बघणार? घारीला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं तर जाळीवर आपटून तिची उड्डाणाची पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस पुढच्या पिसगळतीशिवाय नवं येत नाही. म्हणजे जखम बरी होऊनही घार वर्षभर जमिनीवर. तिला कापडी किंवा उभ्या पट्ट्यांच्या भिंतींचा पिंजरा हवा, बसायला योग्य जाडीची फांदी हवी, आणि सोडण्याआधी पंख चालतो का हे बघायला लांबच लांब उड्डाणाची जागा हवी. खाण्याचंही तसंच. नुसतं बोनलेस चिकन खाऊन वाढलेल्या गव्हाणी घुबडाच्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात. ज्याने ते मायेने वाढवलं त्याला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे जो प्राणी बरा होणारच नाही त्याचं काय करायचं. कमरेखालचं अंग लुळं पडलेला, अपघातात पाठीचा कणा मोडलेला प्राणी माझ्यासमोर येतो. गाईच्या बाबतीत मालकाशी बोलता येतं. अनुसूची 1 मधला प्राणी असेल तर कलम 11 प्रमाणे, तो बरा होण्यापलीकडे गेला आहे हे कारणांसह लिहून परवानगी द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, म्हणजे आपला स्वतःचा आहे. कलम 5 मुळे हा एक अधिकार आपल्याला हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवताही येत नाही. या तरतुदीमागचं कारण मला पटतं. वाघ-बिबट्यांच्या जिवाचा निर्णय सहज होऊ नये. पण तालुक्याचा फोन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे आणि तिथून नागपूरला जाईपर्यंत तो प्राणी तडफडत असतो. आपल्या कार्यालयात यासाठी दिवसरात्र चालू असणारा एक ठरलेला मार्ग हवा. पशुवैद्यकाचा व्हिडिओ, तपासणीचा ठरावीक नमुना आणि काही तासांत लेखी उत्तर. प्रशिक्षित माणूस समोर असेल तर त्याने भरलेल्या नमुन्यावर आपल्यालाही विश्वास ठेवता येईल. आज कोणाच्या शब्दावर ठेवायचा हेच ठरलेलं नाही.

सोडण्याच्या बाबतीत आपल्या राज्याने किंमत मोजून धडा घेतला आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो की जिथे ते सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले. जिथला प्राणी तिथेच, हे तत्त्व त्यातून पुढे आलं. ते बिबट्याइतकंच कासवाला, सापाला लागू आहे. तरीही धामण पकडून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या घाटात नेऊन सोडण्याचे व्हिडिओ अजून टाळ्या मिळवतात. अनोळखी जागी सोडलेल्या सापाला लपायच्या जागा माहीत नसतात, तो भटकत राहतो आणि रस्त्यावर येतो.

परवान्याची पद्धत कशी चालते याचा एक नमुना अमेरिकेत आहे. तिथे 1918 च्या स्थलांतरित पक्षी कराराच्या कायद्याखाली पक्ष्यांचं पुनर्वसन करायला व्यक्तीला केंद्रीय परवाना घ्यावा लागतो. अर्जदाराचं वय किमान 18 हवं, आणि किमान वर्षभराच्या काळात मिळून 100 तासांचा प्रत्यक्ष हाताळणीचा अनुभव हवा. पक्षी 180 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर वेगळी मंजुरी लागते. दर वर्षी कोणता पक्षी आला आणि त्याचं पुढे काय झालं याचा अहवाल द्यावा लागतो. परवाना नसलेल्या साध्या माणसालाही जखमी पक्षी उचलून थेट परवानाधारकाकडे नेण्याची मुभा कायद्यातच दिलेली आहे, त्यामुळे रस्त्यात पक्षी दिसला तर कोणाला गुन्ह्याच्या भीतीने पुढे निघून जावं लागत नाही. तिथले बहुतेक परवानाधारक हे काम विनामोबदला करतात. त्यांची सगळी पद्धत उचलून इथे आणा असं माझं म्हणणं नाही. आपली जनावरं वेगळी, गावं वेगळी, खात्याची घडणही वेगळी. पण 100 तास, 180 दिवस आणि वार्षिक अहवाल या तीन गोष्टींत जे शहाणपण आहे ते आपल्याला सहज घेता येईल.

माझी मागणी अशी आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहीने, मुदतीचा, व्यक्तीच्या नावाचा परवाना सुरू करावा. त्यात पायऱ्या असाव्यात. पहिल्या पायरीवर फक्त पकडणं, ऊब देणं आणि नेऊन पोचवणं. दुसऱ्यावर पक्षी आणि लहान सस्तन प्राण्यांची ठरावीक मुदतीची देखभाल, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या लेखी संमतीने, कारण उपचार करण्याचा अधिकार कायद्याने पशुवैद्यकालाच आहे. बिबटे, तरस, अस्वल हे मात्र फक्त केंद्रातच जावेत. रेबीजची आगाऊ लस घेतल्याचा दाखला नसेल तर परवाना मिळू नये. प्राण्याला अंगाखांद्यावर घेऊन फोटो काढला तर परवाना रद्द व्हावा. या एका नियमाने निम्मी हौशी गर्दी आपोआप गळेल. जे उरतील त्यांना खात्याने ओळखपत्र, अपघात विमा आणि प्राण्याच्या खाद्य-औषधाचा खर्च द्यावा. घुबडाला रोज मांस लागतं, ते दुसऱ्याच्या खिशातून किती दिवस आणायचं?

आणि प्रत्येक परवानाधारकाने नोंदवही ठेवावी. प्राणी कुठे सापडला, कशाने जखमी झाला, पुढे काय झालं, मेला असेल तर कशाने. अशा नोंदवह्या दोन-तीन वर्षं एकत्र केल्या तर कठडा नसलेली कोणती विहीर, कोणता रस्ता, कोणती वीजवाहिनी पुन्हा पुन्हा जीव घेते ते आपल्या टेबलावर दिसेल. कोणत्या पेठेतून मांजा येतो तेही दिसेल. आज ही सगळी माहिती कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपमध्ये पडून आहे.

यावर दोन आक्षेप मी खात्यातल्या मंडळींकडून वारंवार ऐकतो. पहिला, परवान्याच्या नावाखाली लोक पोपट आणि कासवं घरात ठेवतील. महोदय, पोपट आणि कासवं आजही घरात आहेत. परवानाधारकाच्या घरी निदान वनपालाला नोंदवही घेऊन जाता येईल, पिंजरे मोजता येतील आणि मुदत संपली तर प्राणी का सोडला नाही हे विचारता येईल. दुसरा आक्षेप तपासणीला माणसं नसल्याचा. वनरक्षकांवर कामाचा किती बोजा आहे हे मी रोज बघतो, आणि हा आक्षेप खरा आहे. पण आरागिरण्यांना परवाना देणारं आणि त्यांच्या लाकडाच्या नोंदी तपासणारं खातं आपलंच आहे. ती शिस्त आपल्या लोकांच्या हाडीमाशी आहे. तालुक्याला दोन-तीन परवानाधारक, वर्षातून दोन तपासण्या, एवढं काम त्यात बसू शकतं. उलट रात्री अकरा वाजता खोक्यातलं पिल्लू घेऊन फिरणाऱ्या वनरक्षकाची त्या वणवणीतून सुटका होईल.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण सध्या गावांत राग आहे. बिबट्याच्या हल्ल्यात ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरासमोर प्राण्यांच्या पुनर्वसनाची भाषा बोलणं सोपं नाही, आणि बोलूही नये. पण पिल्लू कायमचं उचलून नेल्यावर मादी ते शोधत त्याच वस्तीभोवती फिरते. अशी मादी आणि भेदरलेली वस्ती समोरासमोर येऊ नयेत, यासाठीच पिल्लू लवकर आणि नीट परत जायला हवं. त्या संध्याकाळी सरपंचाशी, फडमालकाशी, मजुरांशी शांतपणे बोलणारा, त्यांच्याच तालुक्यातला, त्यांनी आधी पाहिलेला माणूस असेल तर ते जमतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडीने आलेल्या अनोळखी पथकाला तेच काम दुप्पट जड जातं.

प्रशिक्षणासाठी नवी इमारत लागत नाही. शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नागपूरजवळ गोरेवाड्याला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. माणिकडोह आणि बावधनला प्रत्यक्ष हाताळणीचे तास भरून घेता येतील. एका हंगामासाठी जुन्नर वनविभागात आणि सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात ही पद्धत प्रायोगिक म्हणून सुरू करावी, आणि कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत पहिले परवाने हातात पडावेत. गाळप सुरू झालं की फडातले फोन सुरू होतात, आणि तेव्हा कोणाला वर्गात बसायला सवड नसते.

पहिल्या पायरीच्या प्रशिक्षणाचा मराठी आराखडा, म्हणजे कोणता प्राणी कसा धरायचा, काय खायला घालायचं नाही, कधी हातच लावायचा नाही, हे लिहून द्यायला आमच्या भागातले काही पशुवैद्यक आणि सर्पमित्र तयार आहेत. त्यासाठी मानधन नको. आपल्या कार्यालयातून ज्या अधिकाऱ्याकडे हा विषय दिला जाईल त्यांच्याकडे तो आम्ही घेऊन येऊ.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, सातारा जिल्हा